निळ्या बगळ्याचे सहा डबे

ऑरिन हेगलंडने फोनवर काहीतरी वाचलं, चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा वाचलं आणि खुर्चीतल्या खुर्चीत असा काही हुंदका दिला की लव्हॉन अंडी तव्यावर तशीच सोडून धावत आली.

“कोण गेलं?”

“मेंढा लागला!”

“कुणाला लागला?”

“अगं, परवाना! मेंढ्याच्या सोडतीत नाव निघालं माझं!”

लव्हॉनने आधी गॅस बंद केला आणि मग खुर्ची ओढून बसली. या सोडतीबद्दल तिला एवढंच माहीत होतं, की लग्न झाल्यापासून दर वसंतात नवरा अर्ज भरतो आणि दर जूनमध्ये दोन दिवस कुणाशी बोलत नाही. मोंटानातल्या डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना म्हणजे पोरखेळ नव्हे. एक माणूस, एक मेंढा, आणि तोही नशीब असेल तर. ऑरिनच्या वडिलांनी जन्मभर अर्ज केले आणि नाव न निघताच ते गेले. जाताना त्यांनी मुलाला आपली रायफल दिली आणि म्हणाले, “तू भरत राहा.” ऑरिन भरत राहिला. रस्तेखात्यातून निवृत्त झाला, गुडघा बदलून घेतला, पण अर्ज चुकवला नाही. आता सप्टेंबरात डोंगरावर जायचं होतं आणि आयुष्यात पुन्हा ही संधी नव्हती.

“मग आता?” लव्हॉनने विचारलं.

“आता बारूद,” असं म्हणून ऑरिन तळघरात गेलासुद्धा.

ऑरिन काडतुसं घरी भरत असे. वापरलेल्या पितळी पुंगळ्या साफ करायच्या, तराजूवर बारूद तोलायची, वर गोळी बसवायची. हार्लन फोर्ड गावातले निम्मे पुरुष हिवाळाभर तळघरात हेच करतात आणि विकतच्यापेक्षा स्वस्त पडतं असं बायकांना सांगतात. बायकांनी अजून त्यावर विश्वास ठेवलेला नाही. ऑरिनने जाड फळ्यांची एक पेटी स्वतः ठोकून बनवली होती आणि तीत डब्यांवर डबे रचले होते. मध्यंतरी टंचाईची वर्षं आली, तेव्हा दुकानात जी मिळेल ती बारूद त्याने उचलली. त्यातल्या दोन डब्यांतली बारूद त्याच्या एकाही बंदुकीला चालेना, तेव्हा त्याने त्या बारुदीला चालेल अशी बंदूक विकत घेतली. लव्हॉनला हा हिशेब तो तीनदा समजावून बसला होता.

नव्हती ती फक्त हवी ती. वडिलांची रायफल तशी गरीब, पण खाण्याच्या बाबतीत भारी नखरेल. तिला निळा बगळाच लागे. डब्यावर निळ्या बगळ्याचं चित्र असलेली ही बारूद घातली की तीन गोळ्या एका बशीत मावतील अशा बसायच्या. दुसरी कुठलीही घाला, एक गोळी उत्तरेला, एक दक्षिणेला, आणि तिसरीचा पत्ताच नाही. ऑरिनने पेटीतला बगळ्याचा डबा उचलून हलवला. तळाशी जेमतेम कपभर वाजली.

त्याच आठवड्यात वेंडेलचा फोन आला. वेंडेल म्हणजे गावातल्या एकुलत्या एक बंदूक-गळ-गमबुटाच्या दुकानाचा मालक.

“बगळा आलाय,” वेंडेल कुजबुजला. “सहा डबे. अजून फळीवर लावले नाहीत.”

“लॉट?”

“सगळे एकाच लॉटचे.”

प्रत्येक डब्यावर लॉटचा नंबर असतो, म्हणजे ही बारूद कारखान्यातल्या कुठल्या घाण्याची ते. एक घाणा दुसऱ्यासारखा तंतोतंत येत नाही, आणि बदलला की काडतुसांचं सगळं गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावं लागतं. एकाच घाण्याचे सहा डबे म्हणजे मरेपर्यंत काळजी नाही. मुळात त्याला एका डब्याहून जास्त काही नको होतं. पण सहाचा आकडा ऐकल्यावर एकाने समाधान होईल असा काडतुसं भरणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

दुकानात पाटी होती, ‘एका माणसाला आठवड्याला एकच डबा’. ऑरिनने आपला एक घेतला, बाहेर आला, आणि गाडीत विणत बसलेल्या लव्हॉनला म्हणाला, “आता तू जा.”

“मी जाऊन काय मागू?”

“निळा बगळा. एवढंच म्हण.”

“आणि त्याने विचारलं कशाला हवाय, तर?”

“म्हणावं, मला आवडतो.”

लव्हॉन सुया गुंडाळून पुटपुटत आत गेली. ऑरिनने मनात गणित मांडलं. आज दोन, पुढच्या शनिवारी दोन, त्याच्या पुढच्या शनिवारी दोन. तेवढ्यात शेजारी एक खटारा ट्रक येऊन थांबला आणि त्यातून ड्युई प्रॅथर उतरला.

ड्युई त्याचा बालमित्र. समोरच्याच घरात राहायचा, तोही काडतुसं भरायचा, आणि त्याची रायफलही बगळाच खायची. मैत्री एवढी, की ऑरिनच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात तो रात्रभर बसला होता. पण बारूद कुठे मिळते हे त्या दोघांनी एकमेकांना आजवर कधीही खरं सांगितलं नव्हतं. त्यात कुणाला काही वावगंही वाटत नव्हतं.

“काय रे, पिशवीत काय?” ड्युईने विचारलं.

आत चार डबे उरले होते, आणि ड्युईला कळलं तर दुपारपर्यंत त्याची बायको, मेव्हणा आणि सासू रांगेत उभी राहणार होती.

“बगळा,” ऑरिन चेहरा पाडून म्हणाला. “काल नेला होता, परत करायला आलोय. झाकण काढलं आणि आंबूस वास आला.”

“आंबूस?”

“व्हिनेगरसारखा. लॉटच खराब दिसतोय. तू मित्र म्हणून सांगतो, घेऊ नकोस.”

बारूद जुनी होऊन बिघडली की तिला आंबूस वास येतो आणि तांबडी धूळ धरते, हे त्या गावात पोरंही जाणतात. अशी बारूद कुणी वापरत नाही, बागेत विस्कटून टाकतात. खत चांगलं होतं.

ड्युईने ऑरिनकडे जरा वेळ पाहिलं. “बरं झालं सांगितलंस, मर्दा,” असं म्हणून तो गळ घ्यायला आत गेला. लगेचच लव्हॉन डबा घेऊन आली. ऑरिन घरी जाईपर्यंत शीळ घालत होता.

सोमवारी सकाळी डॉटीच्या कॅफेत नेहमीचं म्हातारं मंडळ जमलं, तेव्हा विषय निघालेलाच होता. बगळ्याला वास येतो. मंगळवारी त्याला तांबडी धूळही धरली. बुधवारी बक लार्सन टेबलावर मूठ आपटून म्हणाला, “अरे, मी स्वतः वास घेतलाय! डोळ्यांतून पाणी आलं!” बकच्या घरात बगळ्याचा डबा कधीच नव्हता, पण हे त्या क्षणी त्यालाही आठवत नसावं. गुरुवारी नदीपलीकडे कुणाचीतरी कोंबड्यांची शेड जळाली. ती शेगडीने जळाली होती, पण शुक्रवारपर्यंत तिच्यात बगळा ठेवलेला होता असं ठरलं.

ऑरिन हे सगळं ऐकत ॲपल पायवर ताव मारत होता. त्याला आतून गुदगुल्या होत होत्या. गावात आता कुणी बगळ्याला हात लावणार नव्हतं.

“तू काय म्हणतोस, ऑरिन?” डॉटीने कॉफी ओतता ओतता विचारलं.

“मी काय म्हणणार? उन्हात ठेवली तर धूरही येतो म्हणे,” ऑरिन म्हणाला. धुराची भर घातल्याचं त्याला फार समाधान वाटलं.

शनिवारी तो दुकान उघडायच्या आधीच दारात उभा होता. आत गेला आणि फळी पाहिली. बगळ्याच्या जागी डासांच्या औषधाच्या बाटल्या होत्या.

“वेंडेल! डबे कुठायत?”

“गेले एकदाचे!” वेंडेल म्हणाला. “आठवडाभर झोप नाही मला. वर पोरं झोपतात रे माझी. ड्युई आला होता, म्हणाला मी नेतो, बटाट्यांना घालतो. मी म्हटलं ने बाबा, फुकट ने. देवमाणूस आहे.”

“चारी नेले?”

“चारी. मी डबे गाडीपर्यंत पोचवले.”

ऑरिनने स्वतःला सावरलं. घरी दोन डबे होते. दोन म्हणजे काही कमी नव्हेत. मेंढ्याला पुरून उरतील. अशी समजूत घालत तो घरी पोचला, तेव्हा लव्हॉन परसात पाइप धरून घेवड्याला पाणी घालत होती आणि कुंपणाजवळ तीन रिकामे डबे पालथे पडले होते. तिन्हींवर निळा बगळा होता.

“हे काय केलंस?” त्याने एक डबा उचलून विचारलं.

“हे मी काय केलं? तू काय केलंस ते सांग!” लव्हॉनने पाइप त्याच्याकडे रोखला. “आपोआप पेटणारी बारूद आणून ठेवतोस, वर तिच्या डोक्यावर मला झोपवतोस! जोलीनकडे केस कापायला गेले नसते तर मला कळलंही नसतं. अख्खं गाव बोलतंय. उन्हात धूर येतो म्हणे!”

“धूर कोण म्हणालं?”

“सगळेच म्हणतायत!”

“अगं, पण मला विचारायचंस तरी!”

“तुला विचारलं असतं तर तू ‘राहू दे’ म्हणाला असतास. तू तर रिकामा डबादेखील टाकत नाहीस. काळजी करू नकोस, नीट विस्कटली, हलक्या हाताने, वर भरपूर पाणी दिलंय. घेवडा बघ, आत्ताच टवटवीत दिसायला लागलाय.”

ऑरिन नव्या गुडघ्यावर वाकून वाफ्यात बघत राहिला. ओल्या मातीत करड्या रंगाचे बारीक दाणे चमकत होते. त्याला रडावंसं वाटलं. आयुष्यात एकदा मिळालेला परवाना खिशात होता, वडिलांची रायफल भिंतीवर होती, आणि तिचं खाणं घेवडा खात होता.

सगळी लाज गुंडाळून तो रस्ता ओलांडून ड्युईकडे गेला. ड्युई ओसरीवर पाय पसरून बसला होता.

“बटाटे कसे आहेत?” ऑरिनने विचारलं.

“बटाटे? मी कुठे बटाटे लावलेत यंदा?”

“ड्युई, मला एक डबा दे.”

“कसला?”

“बगळ्याचा.”

ड्युई एकदम गंभीर झाला. “छे छे. भलतंच! खराब बारूद आणि तुला देऊ? जन्माची शिकार आहे तुझी. अरे, आंबूस आहे ती. मला कुणी सांगितलं माहितेय? एका जिवलग मित्राने.”

“अरे, मी खोटं बोललो.”

“काय म्हणालास? ह्या कानाने कमी ऐकू येतं.”

“खोटं बोललो! बारूद चांगली आहे!”

“ते मला दुकानाच्या दारातच कळलं,” ड्युई शांतपणे म्हणाला. “लव्हॉन काखेत डबा मारून बाहेर येत होती. खराब डबा परत करायला आलेला नवरा बायकोला दुसरा आणायला धाडतो होय? आणि एवढ्या वर्षांत तू मला बारुदीबद्दल कामाचं असं काही सांगितलंयस कधी? त्या दिवशी एकदम मित्र म्हणून सांगायला लागलास, तेव्हाच समजलो. पण पाटीवर एका माणसाला एक लिहिलेलं, मला हवे होते चार. म्हटलं, ऑरिनने एवढी चांगली बातमी दिलीय, चार लोकांना सांगावी.”

“म्हणजे गावभर तू केलंस!”

“मी फक्त वास सांगितला. धूर कुणाचा होता?”

ड्युईने बराच वेळ हसून घेतलं आणि मग म्हणाला, “देतो एक डबा. पण उद्या कॅफेत सगळ्यांसमोर सांगायचं, की मी खोटं बोललो. वेंडेल बिचारा खरंच झोपला नाही रे आठवडाभर.”

हे मात्र ऑरिनला पटलं. दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर कॅफे गच्च भरला, तेव्हा तो उठून उभा राहिला. कान लाल झाले होते.

“मंडळी, एक सांगायचंय. बगळ्याच्या लॉटमध्ये काही खोट नाही. ते सगळं मी उठवलं होतं. मला डबे हवे होते म्हणून.”

बक लार्सन जोरात हसला.

“बघा, बघा! याने दोन डबे घेतले होते, आता कुणाच्या तरी गळ्यात मारायला बघतोय!”

“अरे बाबा, माझ्याकडे एकही नाही! बायकोने घेवड्याला घातले!”

“का घातले? वास येत होता म्हणूनच ना?”

“वास नव्हता!”

“ऑरिन, मी स्वतः वास घेतलाय,” बक दुखावल्या आवाजात म्हणाला. “तू मला खोटारडा म्हणतोस?”

“आणि ती शेड काय अशीच जळाली?” वेंडेलने कोपऱ्यातून विचारलं. डॉटीने ऑरिनच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना खुणेने गप्प केलं. “परवाना लागल्यापासून त्याच्या डोक्यावर ताण आहे,” ती म्हणाली आणि त्याला एक ॲपल पाय फुकट दिला.

ड्युई मात्र शब्दाला जागला. डबा सीलबंद होता. ऑरिनने तो तळघरात नेला, टेबल पुसलं, तराजू ठेवला, सील तोडलं आणि सवयीने नाक जवळ नेलं. मग नाक दूर नेलं. मग परत जवळ नेलं.

“लव्हॉन! जरा खाली ये!”

लव्हॉन आली आणि तिने वास घेतला. “बारुदीसारखा येतोय.”

“थोडा आंबूस नाही वाटत?”

“नाही.”

“अगदी थोडा? मागून?”

“ऑरिन,” लव्हॉन पायरीवर बसत म्हणाली, “ही बातमी तूच उठवली होतीस. कालच मला सांगितलंस.”

“हो गं. पण बक म्हणतो त्याने वास घेतला होता.”

त्याने डबा दिव्याखाली तिरपा धरला, हलवला, परत हुंगला. धूळ तांबडी दिसत नव्हती, पण नव्हतीच असंही छातीठोकपणे सांगवेना. बारुदीबद्दल शंका आली की ती वापरायची नाही, हा वडिलांनी शिकवलेला पहिला नियम. बारूद चांगली आहे हे अख्ख्या गावात फक्त त्यालाच पक्कं ठाऊक होतं, आणि आता त्यालाही ठाऊक राहिलं नव्हतं. त्याने झाकण लावलं, डबा लव्हॉनच्या हातात दिला आणि डोकं धरून बसला.

“घाल घेवड्याला. संपलं सगळं. परवाना परत करतो.”

“म्हणजे काडतुसं एकही नाहीत?”

“नवीन एकही नाही.”

“आणि जुनी? कपाटात वरच्या फळीवर खोका आहे तो कसला? मी बारूद टाकली तेव्हा तो तसाच ठेवला. म्हटलं पितळ मातीत कुजायचं नाही.”

“ती होय,” ऑरिन वर न बघता म्हणाला. “ती बगळ्याचीच, पण मागच्या लॉटची. ती मारतात चांगली, पण आहेतच किती? फक्त बावीस.”

लव्हॉनने हातातला डबा पायरीवर ठेवला.

“परवान्यावर मेंढे किती?”

“एक.”

“मग?”

ऑरिनने तोंड उघडलं. पेटीतल्या डब्यांकडे पाहिलं, तराजूकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

“समजा नेम चुकला, तर?”

“तर अजून एकवीस आहेत. तू बावीस वेळा चुकेपर्यंत तो मेंढा म्हातारा होऊन आपणहून मरेल.”

सप्टेंबरच्या शेवटी ऑरिन आणि ड्युई खेचरं घेऊन डोंगरावर गेले. तीन दिवस पावसात भिजले, एकमेकांच्या घोरण्यावरून भांडले आणि चौथ्या दिवशी कड्यावर मेंढा दिसला. शिंगं पार गालाशी वळलेली. ऑरिनने वडिलांची रायफल दगडावर टेकवली. नीट नेम धरला. मग एक गोळी झाडली आणि दुसरीची गरजच पडली नाही. मेंढ्याजवळ पोचल्यावर त्याने टोपी काढली आणि कुणाशीतरी हळूच बोलला. ड्युईने ऐकलं, पण तो खेचरांकडे बघत राहिला.

गावात परतल्यावर कॅफेत ही गर्दी. शिंगांचे फोटो हातोहात फिरले. डॉटीने ॲपल पाय कापला. बक लार्सनने फोटो डोळ्यांशी धरला, लांब धरला, अंतर विचारलं, वारा विचारला, आणि शेवटी खुर्ची पुढे ओढून हलक्या आवाजात मुद्द्यावर आला.

“एका गोळीत? ऑरिन, खरं सांग. बारूद कुठली?”

सगळं टेबल पुढे झुकलं. ऑरिनने एक मोठा श्वास घेतला.

“निळा बगळा.”

टेबलावर हशा उसळला. बकने हसता हसता डोळे पुसले, मग मान हलवत उठला आणि ऑरिनच्या पाठीवर थाप मारली.

“सांगायचं नसेल तर नको सांगू रे. आम्ही काय, आपापलं शोधून काढू. पण इतकं तोंडावर खोटं बोलू नये.”

ऑरिनने आधारासाठी ड्युईकडे पाहिलं. घरी अजून तीन डबे सीलबंद असलेला ड्युई मान खाली घालून कॉफीत साखर ढवळत होता. तो साखर घेत नाही.